जांभ्याच्या भोकातला घास

समुद्राची चव मला पहिल्यांदा कळली ती बेळगावात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. काचेच्या टाकीच्या तळाशी साचलेला गाळ रबरी नळीनं बाहेर काढायचा होता. नळीचं एक टोक पाण्यात धरायचं, दुसरं तोंडात घेऊन ओढायचं आणि पाणी येतंय असं वाटलं की चटकन खालच्या बादलीत सोडायचं, असं सरांनी सांगितलं होतं. मी जरा जास्तच जोरात ओढलं. तोंडभर खारट, कडवट पाणी आलं, आणि शेजारी उभी असलेली माझी मैत्रीण हसून हसून टेबलाला टेकली. मी बादलीत थुंकले, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा नळी हातात घेतली. मला त्या वेळी केवढा आनंद झाला होता. घाटाखालचा समुद्र वर बेळगावात आला होता आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. मी निपाणीची. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. घर जैनाचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी गाळून प्यायचं, कांदालसूणही उंबऱ्याच्या आत येत नसे. अशा घरातली मुलगी जीवशास्त्र शिकते याचं गावात लोकांना नवल वाटायचं. पण मला डॉक्टर व्हायचं होतं आणि आप्पांनी एकदा ‘बरं’ म्हटलं की ते फिरत नसत. त्यांनी मला बेळगावला माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. आक्काचं घर शहापुरात होतं. दाजी कोर्टात नोकरीला होते. मी रोज तिथून चालत कॉलेजला जात असे.

इंटर सायन्सच्या आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी कॅम्पात राहणारी, ख्रिस्ती, मूळची गोव्याकडची. तिचे वडील रेल्वेत होते. पहिल्या दिवशी आम्ही एका बाकावर बसलो त्या दोघीच होतो म्हणून, आणि पुढे बसत राहिलो ते एकमेकींवाचून करमेनासं झालं म्हणून.

आमचे जीवशास्त्राचे सर मुंबईला शिकून आलेले, तरुण आणि फार कमी बोलणारे. समुद्रातले प्राणी आम्हाला दाखवायचे तर कपाटातल्या बरण्यांमधले दाखवावे लागत. स्पिरिटमध्ये राहून ते सगळे एकाच रंगाचे, उकडलेल्या बटाट्यासारखे झाले होते. सरांना ते खुपायचं. त्यांनी लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, खाली शहाबादी फरशी बसवली, चारी बाजूंना जाड काचा लावल्या, सांधे लुकणानं भरले आणि लोखंडाला खारं पाणी लागू नये म्हणून आतून डांबर फासलं. टाकी आधी गळली, मग पुन्हा गळली, मग एकदाची धरली. दिवाळीच्या सुटीत सर वेंगुर्ल्याला गेले आणि मालाच्या मोटारीतून परत आले ते वेताच्या टोपल्यांत बसवलेले काचेचे मोठाले बुधले घेऊन. बुधल्यांमध्ये समुद्राचं पाणी आणि त्या पाण्यात मासे. आंबोलीचा घाट चढताना सर स्वतः एका हातानं बुधला धरून दुसऱ्या हातानं पाण्यात हवा मारत आले होते, असं बरोबर गेलेला शिपाई पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

सुटी संपून आम्ही प्रयोगशाळेत शिरलो तेव्हा खिडकीजवळच्या कोपऱ्यात ती टाकी उभी होती. मोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून ठेवलेली, तिच्यातून एक बारीक नळी पाण्यात सोडलेली, आणि नळीच्या टोकाला वेताचा तुकडा. त्या वेतातून बुडबुड्यांची बारीक माळ सारखी वर येत होती. ट्यूब उतरली की जो जवळ असेल त्यानं पंप मारायचा असा नियम होता. पहिल्या आठवड्यात पंपासाठी मुलांची भांडणं झाली.

टाकीत बोटाएवढे करडे मासे होते, ते खडकाच्या आडोशाला पोटावर बसून राहत. शंखात शिरून राहणारे दोन खेकडे होते. मध्यभागी समुद्रातूनच आणलेला जांभ्याचा एक ओबडधोबड दगड होता. आणि त्या दगडाच्या मागून तो बाहेर आला.

मी तसा मासा कधी पाहिला नव्हता. मासे म्हणजे निपाणीच्या तळ्यातले, पायरीशी कणकेच्या गोळ्यांवर झुंबड करणारे काळपट जीव, एवढंच मला ठाऊक. हा तळहाताएवढा, ताटलीसारखा चपटा होता. अंग पांढरंशुभ्र, त्यावर दोन रुंद काळे पट्टे, शेपटी हळदीसारखी पिवळी. आणि पाठीवरून एक लांब पांढरा तुरा निघून मागे वळलेला. तो पोहताना तुरा पाण्यात हलकेच लहरत जाई. तोंड मात्र एवढंसं, पुढे आलेलं, शीळ घालायला ओठ काढावेत तसं.

मी काचेला नाक लावून उभी राहिले ती तास बुडेपर्यंत. सर येऊन मागे उभे राहिले तेही कळलं नाही.

“तुम्ही इथंच उभ्या असता,” सर म्हणाले, “तर मग यांच्या खाण्याकडे तुम्हीच लक्ष द्या. मैत्रिणीला घ्या बरोबर. दोन गोष्टी सांभाळायच्या. उरलेलं अन्न पाण्यात ठेवायचं नाही, पाणी नासेल. टाकी नवी आहे, अजून तिचा काही भरवसा नाही. आणि हा पट्टेवाला आल्यापासून काही खात नाही. त्याला खायला घालून दाखवा.”

 ते शेवटचं वाक्य मला माझ्यावर सोपवलेली पहिली खरी कामगिरी वाटली.

बाकीची मंडळी काहीही खात. शिपाई गांडुळाचे तुकडे टाकायचा, ते तळाशी पोचायच्या आत फस्त व्हायचे. पट्टेवाला मात्र तुकडा समोरून गेला तरी तोंड फिरवायचा. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. सासरी आलाय, रुसलाय, पानावर बसतो पण हात लावत नाही.

मी घरी आल्या आल्या आक्काला सगळं सांगितलं. आक्काला ही गोष्ट फार आवडली. माशांना खाऊ घालणं हे तिच्या लेखी पुण्याचंच काम होतं.

“खाईना व्हय?” ती परात पुढे ओढत म्हणाली. “कणीक घट्ट मळली आसंल कुणीतरी. थांब, मी मऊ मळून देते. साजूक तुपाचा हात लावते.”

“आक्का, तूप नको. पाण्यावर तवंग येईल.”

“बरं, नुसतीच देते. पण लई बारीक गोळ्या कर. तोंड एवढंसंच म्हणतीस न्हवं?”

दुसऱ्या दिवशी मी मोहरीएवढ्या गोळ्या करून नेल्या. एक सोडली. जावई पुढे आला, तिच्याकडे एका डोळ्यानं बघितलं, मग अंग वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, आणि चटकन तोंडात घेतली. मी मैत्रिणीचा दंड एवढा घट्ट धरला की तिला कळ आली. माशानं गोळी तोंडात घोळवली आणि बाहेर थुंकली. परत घेतली, परत थुंकली. मग दगडामागे निघून गेला. गोळी तळाशी एका करड्या माशानं गट्ट केली.

मी खट्टू झाले नाही. उलट माझा उत्साह वाढला. त्यानं तोंडात तरी घेतलं होतं. मग आम्ही भाताची शितं करून पाहिली, फुटाण्याचं पीठ कालवून पाहिलं, पालकाचं पान दोऱ्यानं खाली सोडून पाहिलं. शिपायानं बकऱ्याच्या काळजाचा तुकडा किसून दिला. तो मैत्रिणीनं सोडला. काही तो बघायचा, काही बघायचाही नाही, आणि जे तोंडात घेई ते थुंकायचा. प्रत्येक वेळी उरलेलं सगळं आम्ही नळीनं ओढून काढायचो. तरीही एका सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालेलं दिसलं आणि सरांनी दोन दिवस सगळ्यांचंच खाणं बंद केलं. त्या दोन दिवसांत पंप मारून मारून आम्हा दोघींचे हात भरून आले. पाणी निवळलं. पण जावयाचं पोट आत गेलेलं होतं. पाठीच्या वरची कड चाकूसारखी दिसायला लागली होती.

एक दिवस सरांनी कपाटातून मोठ्या तोंडाची रिकामी बरणी काढून टेबलावर ठेवली. कारणही त्यांनीच सांगितलं.

“तो वाचेलसं दिसत नाही. मेल्यावर रंग लगेच जातो. तशी वेळ आली तर ताबडतोब स्पिरिटमध्ये घालता यावं म्हणून तयारी आहे. रविवारपर्यंत बघू.”

ती बरणी बघून माझं डोकं तापलं. त्या दिवशी मी शेवटचा तास सोडून टाकीपुढे स्टूल घेऊन बसले. खायला काहीही घालायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवलं. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला, कारण तो माणसं हलली की दगडामागे जायचा. मैत्रीण माझ्या मागे टेबलाआड बसली.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो बाहेर आला आणि दगडाभोवती फिरायला लागला. फिरता फिरता मध्येच थांबायचा, अंग तिरकं करायचा आणि जांभ्याच्या एखाद्या भोकात ते पुढे आलेलं तोंड घालून टोच मारायचा. मग दुसरं भोक. मग तिसरं. धान्य निवडताना बाई जशी नेमका खडा उचलते तसं. त्या भोकांत काहीही नव्हतं. दगडावर सुरुवातीला जे बारीक शिंपलेवाले जीव चिकटून आले होते ते त्यानं केव्हाच संपवले होते. तरी तो रोज तिथंच जाऊन शोधत होता.

मी मागे वळून मैत्रिणीला म्हटलं, “अगं, हा वरून पडलेलं खाणाराच नाही. याचं ताट तो दगड आहे.”

ती टेबलाआडून पुढे सरकली. “म्हणजे भोकांत भरायचं?”

“भोकांत भरायचं. गच्च. टोचून टोचून काढावं लागेल असं.”

“आणि काय भरायचं?”

 समुद्रातलाच एखादा जीव लागणार हे मला ठाऊक होतं. कणीक पाण्यात विरघळली असती. आणि कणीक त्यानं थुंकलीच होती.

तीच म्हणाली, “आमच्या घरी सुकट आहे. वाळवलेली कोळंबी. समुद्राचीच आहे, त्याला ओळखीची लागेल. उद्या मी आणते आणि मीच भरते. तू नुसती बघ.”

दगडाचा प्रश्न सोपा होता. बेळगावात जांभ्याला काय तोटा. कॉलेजच्या आवाराच्या दगडी गडग्यातला एक ढासळलेला तुकडा मी उचलला, पुष्कळ भोकं असलेला. सरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “त्याची तांबडी माती पाण्यात उतरेल. आधी उकळा. पाणी स्वच्छ राहीपर्यंत उकळत राहा.” आम्ही तो दगड प्रयोगशाळेतल्या शेगडीवर बटाटे शिजवावेत तसा दिवसभर शिजवला. पाणी आधी विटकरी, मग चहासारखं, मग फिकट आणि शेवटी नितळ झालं.

मैत्रीण सुकटीची पुरचुंडी घेऊन आली. पुरचुंडी उघडताच जो वास सुटला त्यानं मी खिडकीशी गेले. माझ्या घरात कधी न आलेला वास. तिनं ती भिजवली आणि खल पुढे घेतला. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि मनात चाललं होतं की हे जीव तर किनाऱ्यावर कधीच मेले आहेत, मी मारलेले नाहीत. हा युक्तिवाद लंगडा आहे हेही मला त्याच वेळी कळत होतं. घेणारे आहेत म्हणून तर धरणारे आहेत. पण काचेपलीकडे तो मासा रिकाम्या भोकांत टोचे मारत होता, आणि दुसऱ्याच्या हातानं हे करून घेऊन आपण हात कोरडे ठेवायचे हे मला पटेना. मी पदर खोचला आणि तिच्या हातातला बत्ता घेतला.

“तुझी आक्का घरात घेणार नाही तुला,” ती म्हणाली.

“न्हाऊन जाईन.”

वाटलेली सुकट मी काडीनं एकेका भोकात दाबून बसवली. वरचं सगळं पुसून काढलं, म्हणजे पाणी गढूळ व्हायला नको. दगड सुतळीनं बांधला आणि दोघींनी मिळून तो हळूहळू खाली सोडला. मग आम्ही टेबलाआड बसलो. सरही आले आणि कोट सावरत आमच्याशेजारी जमिनीवर उकिडवे बसले. शिपाई दारात उभा राहिला.

करडे मासे आधी आले. त्यांची तोंडं रुंद, त्यांना भोकातलं निघेना. ते धडका देऊन परत गेले. जावई जुन्या दगडाच्या मागून डोकावला. मग बाहेर आला. नव्या दगडाभोवती त्यानं एक मोठी फेरी घेतली, मग जवळून दुसरी.  तो थांबला, तुरा ताठ झाला, अंग तिरकं केलं आणि तोंड भोकात घालून टोच मारली.

मी थुंकायची वाट बघत होते. तो थुंकला नाही. त्याचे कल्ले भराभर हलले आणि त्यानं दुसरी टोच मारली. मग तिसरी. मग तर एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे जाताना त्याला घाई झाली. सुतळीला बांधलेला दगड हलायला लागला. मैत्रीण पुटपुटत होती, “खातोय, खातोय, खातोय,” आणि आपण बोलतोय हे तिला कळतही नव्हतं. शिपाई दारातून वळला आणि व्हरांड्यातून पळत गेला. थोड्याच वेळात केमिस्ट्रीचा अख्खा वर्ग, त्यांच्या मास्तरांसकट, आमच्या दारात गोळा झाला.

सरांनी कपड्याची धूळ झटकली, टेबलावरची बरणी उचलली, कपाटात ठेवली आणि कपाट लावलं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी तास घेतला तो त्या माशाच्या तोंडावर. प्राण्याचं तोंड बघून त्याचं ताट ओळखता येतं, हे त्यांनी फळ्यावर चित्रं काढून समजावलं, आणि बोलताना आमच्या बाकाकडे दोनदा पाहिलं.

मासा खायला लागला त्या संध्याकाळी मी मैत्रिणीच्या घरी न्हाऊन, तिची साडी नेसून शहापुरात आले. आक्कानं दारातच ओळखलं.

“ही साडी कुणाची?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खल-बत्त्यासकट. आक्कानं तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग म्हणाली, “खाल्लं म्हणतीस?”

“टोचून टोचून खाल्लं, आक्का.”

“मग आता एक जुनी साडी कॉलेजातच ठेव. आन् आप्पांस्नी तूच सांग. मी न्हाय सांगणार.”

आप्पांना सांगायची वेळ मला वाटलं त्यापेक्षा लवकर आली. ते कामासाठी बेळगावला आले आणि आक्काच्या घरी न थांबता स्टँडवरून थेट कॉलेजात येऊन उभे राहिले. धोतर, लांब कोट, डोक्याला पटका, आणि हातात झाकणाचा पितळी डबा. मासा खात नाही हे आक्कानं मागं कधीतरी कळवलं होतं. खातो हे कळवलं नव्हतं. आईनं माशासाठी राजगिरा भाजून, दळून, त्याच्या मण्याएवढ्या गोळ्या उन्हात वाळवून पाठवल्या होत्या. आमच्यासाठी म्हणून खाली राजगिऱ्याचे लाडू होते.

“कुठं हाय तुझं ते?” आप्पांनी विचारलं.

मी त्यांना टाकीशी नेलं. जावई आता माणसांना भीत नव्हता. पोट भरलं होतं, पट्टे काळेभोर झाले होते. माझा हात दिसताच तो काचेशी येऊन वरखाली करायला लागला. आप्पा वाकून बघत राहिले. ते मराठी बोलत, पण मन हललं की त्यांच्या तोंडून कानडी येई.

“येष्टु छंद ऐति,” ते हळूच म्हणाले. किती सुंदर आहे.

मग त्यांनी डबा पुढे केला. “आईनं लई मायेनं केलंय. घाल बघू.”

मी एक गोळी सोडली. जावयानं ती तोंडात घेतली आणि थुंकली. आप्पांनी स्वतःच्या हातानं दुसरी सोडली. तीही थुंकली. आप्पा ताठ उभे राहिले. “मग खातंय तरी काय?”

मी भरून ठेवलेला दगड पाण्यात सोडला. मासा तुटून पडला. आप्पांचा चेहरा काचेजवळ गेला, आणखी जवळ गेला, पटका काचेला लागला. एखादं पोर बघतं तसं ते बघत होते. मासा एका भोकात अडकलेला तुकडा ओढायला मागे रेटा देत होता, तो सुटला तेव्हा आप्पांच्या तोंडून ‘हां’ असा आवाज आला. आणि मग त्यांना वास आला.

“काय भरलंयस गं त्यात?”

“वाळलेली कोळंबी, आप्पा.”

“कोण भरतंय?”

“मीच भरते.”

 माझी मैत्रीण हळूच बाहेर निघून गेली. मी खाली बघत उभी होते. पाण्यात दगडावर टकटक होत होती, आणि ट्यूब आता व्हरांड्यात नेली होती तिथं कुणीतरी पंप मारत होतं त्याचा फसफस आवाज.

“मला हे पटलं न्हाय,” आप्पा शेवटी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “पटलं न्हाय ते सांगून ठेवतो. पन ते बिगर खाता मरावं, असंबी मी म्हणू शकत न्हाय.” मग त्यांनी डब्याकडे बघितलं. “आईला काय सांगायचं?”

 आप्पांनी दाराकडे जाऊन पंपावरच्या मुलांना हाक मारली आणि डबा त्यांच्यापुढे धरला. लाडू गेले, आणि मुलांनी त्या राजगिऱ्याच्या गोळ्याही मूठमूठ तोंडात टाकल्या. रिकामा डबा आप्पांनी माझ्या हातात दिला.

“डबा संपला म्हणून सांग. संपलाच की.”

रात्र त्यांनी आक्काकडे काढली.  दुसऱ्या दिवशी मी त्यांना निपाणीच्या मोटारीवर सोडायला निघाले, तर वाटेत तेच म्हणाले, “येळ हाय अजून. जरा कॉलेजावरनं जाऊ.” प्रयोगशाळा नुकतीच उघडली होती. ते टाकीपुढे हात मागे बांधून उभे राहिले, मासा समोर येईपर्यंत थांबले, आणि मग चल म्हणाले.

संक्रांतीच्या सुमारास सर पुन्हा वेंगुर्ल्याला गेले आणि ताज्या पाण्याबरोबर तसलाच दुसरा मासा घेऊन आले. पहिल्यापेक्षा लहान, तुरा आखूड. प्रयोगशाळेत पुन्हा तीच उत्सुकता सुरू झाली. मुलं म्हणत होती की जुना नव्याला मारून टाकील. मैत्रीण म्हणाली, दोघे मिळून उपास धरतील. मी दगड भरला. हात आता सराईत झाले होते, वासाचंही काही वाटेनासं झालं होतं.

नवा मासा बुधल्यातून टाकीत सोडला तसा कोपऱ्यात जाऊन अंग चोरून राहिला. जुन्यानं त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. आम्ही सगळे टक लावून बघत होतो. मग दगड खाली गेला. जुना नव्याला सोडून दगडावर आला आणि टोचायला लागला. नवा कोपऱ्यातून बघत राहिला. एक वीत पुढे आला. थांबला. आणखी पुढे आला. जुना एका अंगाला सरकला असेल किंवा नुसता पुढच्या भोकाकडे गेला असेल, पण जागा झाली, आणि त्या जागेत नव्यानं आपलं एवढंसं तोंड घातलं.

सर मोठ्यानं हसले. त्यांना हसताना आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं हसणं एवढं खणखणीत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे वळून बघायला लागला, आणि मासे मात्र, दोघेही, दगडावरून जराही हलले नाहीत.